घोडीच्या वाड्याला काटेरी तार चालेल का?

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या घोडीसाठी काळ्या रानात मोकळा वाडा करायचा आहे. काटेरी तार मजबूत असते. तीच लावली तर चालेल ना?
– एक वाचक, वालूर (ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : काटेरी तार गुरांना आवरते म्हणून ती घोड्यालाही चालते, हा समज बरोबर नाही. बैल काटा टोचताच मागे सरतो, तर घोडा बुजला की आधी धावतो आणि अडकलेला पाय जोराने ओढताना कातडीसह स्नायुबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टेही चिरून घेतो. साडेचार ते पाच फूट उंचीचे, लाकडी फळ्यांचे किंवा गोल लोखंडी पाइपांचे कुंपण आपल्या घोडीसाठी अधिक सुरक्षित असून, फळ्या खांबांच्या आतील बाजूस ठोकल्यास घोडी रेलली तरी त्या निखळत नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खांब खोल पुरावेत. खर्च आवरायचा असल्यास झटका मशीनला, म्हणजे क्षणभर चटका देणाऱ्या यंत्राला, रुंद पांढरी वीजवाहक पट्टी जोडता येते. मात्र घरातील वीज थेट कुंपणात सोडणे जीवघेणे ठरते. कण्हेर विषारी असल्याने ती कडेला लावू नये. जुनी तार लगेच काढता येत नसेल, तर तिच्या आत काही फुटांवर पट्टीचे दुसरे कुंपण घालावे आणि पशुवैद्यकाकडून घोडीला धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, कारण घोड्यांना हा रोग किरकोळ जखमेतूनही होतो. एवढे केल्यास काळजीचे कारण उरत नाही.