मनी बारीक आहे, दूध वाढवू का?

प्रश्न : आमची दोन वर्षांची मनी फार बारीक आहे. दूध-पोळी हुंगून निघून जाते. दूध वाढवू का?
– एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, पोळी नाकारण्यात मनीचं काही चुकत नाही! मांजराचा पिंडच मांसाहारी. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. बिनमिठाचं उकडलेलं चिकन कोमट करून द्या. मांजरांचं तयार खाद्य हळूहळू मिसळा, त्यातून टॉरिन मिळतं. शेवभाजीचा रस्सा मात्र नको, कांदा-लसूण तिला विषारी. आपल्याकडच्या ४४ अंशांत भूक मंदावतेच. पहाटे आणि रात्री वाढा. बरगड्या हाताला लागल्या तर घाबरू नका. कणा टोचत असेल, तर जंतांचं बघून घ्या. २४ तास काहीच खाल्लं नाही, तर थेट पशुवैद्यकांकडे. उपासाने यकृत बिघडतं. घरातलं पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका.