फाटी फोडायचा कोयता

चि. अनंतास,

बंबाची फाटी तोडायला-फोडायला घ्यायचा कोयता चमक पाहून घेऊ नये. पाते, पाणी आणि मूठ पारखून घ्यावा. आठवडी बाजारातून पातळ, चकचकीत कोयता आणला गेला आणि डाव्या हातात फाटे उभे धरून तो चालवला जातो, असे बाळामामांकडून कळले. म्हणून हे सविस्तर.

बाजारात ऊसतोडीचे कोयते आणि लाकडाचे कोयते एकाच गोणपाटावर मांडलेले असतात. ऊसतोडीचा हलका आणि पातळ. ऊस मऊ, हात दिवसभर चालायचा, तेव्हा तो तसाच हवा. वाळलेल्या ऐनावर किंवा किंजळीवर मात्र त्याची धार वळते, पाते रुतून बसते, आणि ते हिसकून काढताना वाटेत असतो तो डावा हात. फोडण्यासाठी पाठ ५-६ मिलिमीटर जाड हवी आणि तिथपासून धारेपर्यंत पाते सारखे निमुळते व्हायला हवे. धार शिरते, पाठ लाकूड फाकवते. टोकाला चोच असलेली घडण फांदी ओढून घ्यायला बरी.

लोहार कोयत्यासाठी ट्रकचा जुना कमानपाटा पसंत करतात ते उगाच नव्हे. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून त्याला पाणी चढते. साध्या लोखंडी पट्टीत तो ०.२५ टक्क्यांच्याही खाली असतो; ती कितीही घासली तरी धार टिकत नाही. लाल तापवून विझवलेले पाते कठीण पण ठिसूळ होते. ते पुन्हा बेताने तापवले की चिवटपणा येतो. घेताना धारेवर कानस हलकेच ओढून पाहावी. सहज खाल्ले तर पाते मऊ. नुसतीच घसरली तर इतके ठिसूळ की गाठीवर तुकडा उडेल. कुरकुरत, जोर लावून चालली तर पाणी नीट बसले आहे. यंत्रावर घासलेल्या धारेला निळसर झाक असेल तर ती जास्त तापली आहे, असा कोयता ठेवून द्यावा. ही पारख पुस्तकात मिळत नाही. गावात भाता चालू होता तेव्हा ऐरणीशेजारी बसून ती शिकता आली असती. शहराच्या ओढीत ते राहून गेले, याची हळहळ हे लिहिणाऱ्याला अजून आहे.

स्वस्त कोयता फसतो तो बहुधा मुठीत. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून वाकवलेली असावी, पुढे लोखंडी कडे असावे. नुसती खोचलेली शेपटी लाकूड वाळले की सुटते. मूठ बाभळीची चांगली. जास्तीचे पैसे द्यायचेच तर इथे द्यावेत.

आता तो डावा हात. फाटे हाताने उभे धरून त्यावर घाव घालणे, ही एक सवय मोडली तर बाकीचे निभावते. फाटे ठोकळ्यावर उभे करावे, धार त्याच्या डोक्यावर टेकवावी आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकावे. धार शिरून फाटे पात्यावर उभे राहीपर्यंतच हात लागतो, तोही खाली, कडेला. पुढे तो काढून घ्यावा. हातोडी वापरू नये, पाठ फुटते. मनगटाहून जाड लाकूड कुऱ्हाडीचे. गाठीचे फाटे तसेच चुलीत सारावे, त्याच्याशी झुंजू नये. आणि धार पाजवलेली असावी; बोथट कोयता घसरतो, घसरला की पुन्हा डाव्या हाताकडेच येतो.

लिहिताना शब्द कडक झाले असतील. एकटे राहून जुने घर उघडणे, सकाळी बंब पेटवणे हे सोपे नाही, आणि ते चालले आहे याचे इथे सर्वांना कौतुक आहे. नवा कोयता वाया गेला असे वाटून घेऊ नये; रानमोडी काढायला, केळीची पाने कापायला तो उपयोगी आहे. फोडण्यासाठी मांगरात आप्पांचा कोयता असेल. पाते कमानपाट्याचे आहे, मूठ तेवढी सैल. ती लोहाराकडून नवी बसवून घ्यावी, पैसे इथून पाठवले जातील. तोवर फाटी विकत घ्यावी, त्याचेही पैसे कळवावे.