प्रवासात हरवलेला हार

सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एका हाराची हकिकत आलेली आहे. ती सांगणाऱ्या स्वतः उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमवेत त्या एका प्रवासाला निघाल्या होत्या. बैदा किंवा जातुल जैश या ठिकाणी काफिला पोहोचला असता त्यांच्या गळ्यातील हार तुटून पडला. दुसऱ्या एका रिवायतीत अधिक खुलासा आहे, तो असा की हा हार त्यांनी आपल्या थोरल्या भगिनी हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडून वापरण्यापुरता मागून आणला होता.

हार हरवल्याचे कळताच प्रेषितांनी (स.) काफिला थांबविला आणि शोध घेण्यासाठी माणसे पाठविली. जागा निर्जल होती. लोकांजवळही पाणी नव्हते. रात्र तेथेच काढावी लागणार आणि पहाटेच्या नमाजसाठी वुजू कशाने करणार, ही चिंता सर्वांना पडली. लोक हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याकडे गेले आणि आपल्या मुलीने काय करून ठेवले आहे ते पाहा, अशी तक्रार त्यांनी केली. पित्याला संताप आला. ते कन्येजवळ आले तेव्हा प्रेषित (स.) तिच्या मांडीवर मस्तक ठेवून निद्रिस्त होते. अबू बक्र (रजि.) यांनी तिला बोल लावले, हाताने कुशीत टोचलेही. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषितांची झोप मोडू नये म्हणूनच त्या जागच्या हलल्या नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रसंगातील प्रत्येकाचे वागणे बारकाईने पाहा. तक्रार करणाऱ्यांना केवळ हट्टी वा स्वार्थी म्हणता येणार नाही. त्यांना नमाजची काळजी होती. पित्याचा रागही समजण्यासारखा आहे, कारण आपल्या घरच्या माणसामुळे सर्वांचा खोळंबा झाला ही लाज त्यात होती. आपल्याकडेही लग्नाच्या प्रवासात एखाद्या मुलीच्या कानातले पडले की सर्वांत आधी तिचे वडील किंवा भाऊच तिच्यावर कडाडतात. परंतु ज्यांच्या आदेशाने काफिला थांबला होता, त्या प्रेषितांनी (स.) रागाचा एक शब्दही उच्चारल्याचे या रिवायतीत आढळत नाही. एका हारासाठी एवढ्या लोकांना कशाला अडवायचे, असा हिशेब त्यांनी केला नाही. हार थोरल्या बहिणीचा होता, म्हणजे अमानत होती. मागून आणलेली वस्तू सुखरूप परत करणे ही घेणाऱ्याची जबाबदारी असते आणि ती पार पाडण्यास साहाय्य करणे हे सोबत्यांचे काम असते. हरवलेल्या वस्तूचा शोध घेणे म्हणजे दुनियेची आसक्ती, असे काही धार्मिक वृत्तीची माणसे सहज बोलून जातात. या हदीसपुढे ते बोलणे टिकत नाही.

पहाट झाली. पाणी नव्हतेच. तेव्हा अल्लाहने तयम्मुमची आयत अवतरित केली. पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीने चेहरा व हात पुसून नमाज अदा करावी, हा आदेश सूरह निसाच्या 43 व्या आणि सूरह माइदाच्या 6 व्या आयतीत आहे. माइदाच्या आयतीत पुढे असेही सांगितले आहे की अल्लाह तुम्हाला अडचणीत टाकू इच्छित नाही. रुग्णालयातील खाटेवर पडलेला, पाण्याचा स्पर्श ज्याला अपायकारक आहे असा आजारी माणूस आज तयम्मुम करून नमाज अदा करतो, त्या सवलतीचा उगम त्या खोळंबलेल्या रात्रीत आहे. हजरत उसैद बिन हुजैर (रजि.) आनंदाने उद्गारले की अबू बक्र यांच्या घराण्यामुळे लाभलेली ही काही पहिलीच बरकत नव्हे. मग निघण्यासाठी हजरत आयेशा (रजि.) यांचा उंट उठविला, तर हार त्याच्याच खाली सापडला! माणसे शोधत फिरली आणि वस्तू रात्रभर जवळच होती.

आणखी एका प्रवासातही हजरत आयेशा (रजि.) यांचा हार हरवला होता. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना त्या पडावापासून थोड्या दूर गेल्या होत्या. परत आल्यावर गळ्याला हात लावला, तर यमनमधील जफारच्या मण्यांचा हार नाही. त्या एकट्याच शोधायला मागे गेल्या. इकडे हौदा उचलणाऱ्यांना त्या आत नसल्याचे वजनावरून कळले नाही आणि काफिला पुढे निघून गेला. हार सापडला, पण पडावावर कोणीच उरले नव्हते. आपण नाही हे कळताच लोक शोधत येतील, या विचाराने त्या तेथेच बसून राहिल्या. मागून येणाऱ्या हजरत सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांनी त्यांना पाहिले, आपला उंट बसविला आणि त्याची दोरी धरून ते पायी चालत त्यांना काफिल्यापर्यंत घेऊन आले.

एवढ्यावरून मुनाफिकांनी बदनामीचे जे वादळ उठविले, ते सुमारे महिनाभर चालले. त्यात काही भाबडे मुसलमानही वाहवत गेले. शेवटी सूरह नूरच्या आयती अवतरल्या आणि उम्मुल मोमिनीन यांची पवित्रता स्वतः अल्लाहने जाहीर केली. 12 व्या आयतीत ईमानधारकांना विचारले आहे की हे ऐकताच तुम्ही आपल्या लोकांविषयी चांगलाच विचार का केला नाही? स्त्रीला घरी यायला उशीर झाला की कारण कळण्यापूर्वीच कुजबुज सुरू होते, अशा प्रत्येक मोहल्ल्याला हा प्रश्न आजही विचारलेला आहे.

आता, वस्तू हरवलेली नसून आपल्यालाच वाटेत सापडली तर? हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्या हदीसनुसार सापडलेल्या वस्तूची थैली व तिला बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवावी, वर्षभर घोषणा करावी, आणि तरीही मालक न आल्यास ती वापरता येते, मात्र मालक पुढे आला तर त्याचा हक्क त्याला द्यावा लागतो. किरकोळ वस्तूंसाठी फुकहांनी कमी मुदत सांगितली आहे. थैली आणि दोरीची ही सूचना फार उपयोगाची आहे. हल्ली अंगठी सापडली की तिचे छायाचित्र सर्व बाजूंनी काढून व्हॉट्सॲपवर पाठवितात. हेतू चांगला, पण मग मालकाला विचारण्यासाठी खूण उरतेच कुठे? अंगठी सापडली एवढेच कळवावे. खडा कोणता, आत काही कोरले आहे काय, हे दावा करणाऱ्याने सांगायचे असते. मशिदीत उभे राहून हरवलेल्या वस्तूची पुकार करण्यास सहीह मुस्लिममधील हदीसने मनाई केली आहे. ती दाराबाहेर करावी.

उमरा व हजला निघालेल्या आपल्या कुटुंबांनी आणखी एक हुकूम लक्षात ठेवावा. मक्केच्या हरमच्या हद्दीत पडलेली वस्तू केवळ तिची घोषणा करणाऱ्यानेच उचलायची आहे. तवाफच्या गर्दीत पायाशी एखादी तसबीह किंवा बांगडी दिसली आणि मालकाचा शोध घेणे आपल्याला शक्य नसेल, तर तेथील हरवले-सापडले कार्यालयात ती सोपवावी. तिला शोधत कदाचित कोणीतरी उलट दिशेने चालत येत असेल.