लॉजिस्टिक्स शिकायला न्यूझीलंड? अर्ज भरण्याआधी

समुपदेशनाला आलेल्या आईवडिलांपुढे ‘लॉजिस्टिक्स’ हा शब्द काढला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढी फी भरून मुलगी गोदामात खोकी मोजणार का? प्रश्न रास्त आहे, कारण पैसा कष्टाचा असतो. त्यावर मी ऑकलंडची एक हकिकत सांगते.

विमान कंपनीत वैमानिकांच्या आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणं हे भयंकर किचकट काम. प्रत्येक उड्डाणाला माणसं हवीत, विश्रांतीचे नियम पाळायचे, दौरा संपवून माणूस आपल्या तळावर परतला पाहिजे आणि खर्चही कमीत कमी हवा. शक्यता इतक्या, की हाताने तक्ते करणाऱ्याला त्यातली सर्वांत स्वस्त व्यवस्था सापडणं कठीणच. १९८६ ते १९९९ या काळात एअर न्यूझीलंड आणि ऑकलंड विद्यापीठ यांनी मिळून या कामासाठी आठ संगणक प्रणाली उभ्या केल्या. प्रा. डेव्हिड रायन आणि सहकाऱ्यांनी हा रोजचा गुंता गणितात मांडला. कंपनीचे वर्षाला १ कोटी ५६ लाखांहून अधिक न्यूझीलंड डॉलर वाचले, शिवाय कर्मचाऱ्यांच्या पसंतीलाही वेळापत्रकात जास्त जागा मिळाली. ट्रक, कंटेनर, दुधाचे टँकर यांच्यामागेही याच जातीचं गणित असतं.

हे तिथे घडलं, याचं मला नवल वाटत नाही. पन्नास लाखांच्या थोडी वर लोकसंख्या, बाजारपेठा समुद्रापार, आणि विकायचं काय, तर दूधभुकटी, मांस, किवी फळं. बोटीत जागा मिळाली नाही तर शेतकऱ्याचं नुकसान. म्हणूनच फोंटेरा ही दूध सहकारी संस्था आणि सिल्व्हर फर्न फार्म्स ही मांस कंपनी यांनी २०११मध्ये आपला निर्यात माल एकत्र पाठवण्यासाठी ‘कोटाही’ ही कंपनी सुरू केली. हॅमिल्टनजवळ रुआकुरा इथे २०२३मध्ये समुद्रापासून दूर, जमिनीवरचं बंदर सुरू झालं. वायकाटो विद्यापीठ त्याच्या जवळच आहे.

मॅसी आणि ऑकलंड या विद्यापीठांत पुरवठा साखळी व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पण माहितीपत्रकावरची कंपन्यांची बोधचिन्हं पाहून भुलू नका. विद्यापीठाला थेट ईमेल करा : गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या कंपन्यांचे प्रकल्प केले? कंपनीने खरी आकडेवारी दिली का? प्रत्येकाला संधी मिळते की निवडक मुलांनाच? उत्तर गोलमाल आलं, तर ते अभ्यासक्रमाविषयी पुरेसं सांगून जातं. ऑकलंडच्या अभियांत्रिकी पदवीत ८०० तासांचं प्रत्यक्ष काम सक्तीचं आहे. अशी अट मला कोणत्याही बोधचिन्हापेक्षा मोलाची वाटते.

आता खोक्यांकडे येते. मेनफ्रेट ही १९७८मध्ये सुरू झालेली तिथली मोठी मालवाहतूक कंपनी पदवीधरांनाही आधी माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी उभं करते. तेव्हा हो, मुलगी खोकी मोजेल. मोजायलाच हवीत. गाडी नऊऐवजी अकराला का सुटली, हे ज्याने फलाटावर पाहिलेलं नाही, त्याने केलेलं वेळापत्रक कागदावरच राहतं. हे काम आपल्याला कमीपणाचं वाटत असेल, तर या क्षेत्राचा विचार इथेच थांबवावा.

पैशाचं स्पष्ट बोलू. देश लहान, त्यामुळे नोकऱ्याही मोजक्या, आणि पदवी म्हणजे नोकरीची हमी नाही. पात्र विद्यार्थ्यांना सत्रकाळात आठवड्याला २५ तास काम करता येतं. त्या कमाईवर फी निघेल असं गृहीत धरून राहत्या घरावर कर्ज काढू नका. व्हिसाचे नियम बदलतात. ते एजंटाच्या तोंडून ऐकण्याऐवजी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. शिवाय पवईचं आयआयएम मुंबई (पूर्वीचं नीटी) आणि वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय हे पर्यायही तपासा. न्हावाशेवासारखं बंदर तर आपल्या दारातच आहे.

आणि एक काम या सुट्टीतच करा. ऑकलंड विद्यापीठाचे प्रा. अँड्र्यू मेसन यांनी घडवलेलं ‘ओपनसॉल्व्हर’ हे सर्वांत कमी खर्चाची व्यवस्था शोधणारं साधन एक्सेलमध्ये फुकट बसवता येतं. मुलांना घेऊन जवळच्या दूध संकलन केंद्रावर जा, कोणती गाडी कोणत्या गावांना जाते ते विचारून लिहून घ्या आणि तीच वाटणी कमी खर्चात होते का, ते त्यात मांडून पाहा. आठवडाभर त्यात मुलांचं मन रमलं, तर मग अर्ज भरा.