गरिबीमुळे मानसिक आजार, की मानसिक आजारामुळे गरिबी?



'गरीब वस्तीत मानसिक आजार जास्त असतात' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पण त्याचा अर्थ नेमका काय लावायचा? तीन अभ्यासांच्या मदतीने समजून घेऊया.

१) शिकागो, १९३९ : फॅरिस आणि डनहॅम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मनोरुग्णालयात दाखल झालेले रुग्ण शहराच्या कोणत्या भागातले, ते पाहिलं. स्किझोफ्रेनियाचे प्रमाण शहराच्या मध्यभागातील गरीब वस्त्यांत सर्वांत जास्त होते. बाहेरच्या भागाकडे जाताना ते कमी होत गेले. मग वस्तीमुळेच आजार झाला का? थांबा, घाई नको.

२) इंग्लंड आणि वेल्स, १९६३ : गोल्डबर्ग व मॉरिसन यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणांच्या वडिलांचे व्यवसाय तपासले. तरुण स्वतः कमी पगाराच्या कामांवर होते. वडिलांचे व्यवसाय मात्र समाजातील इतर लोकांसारखेच होते. म्हणजे बऱ्याच जणांच्या बाबतीत आजार आधी आला, मग शिक्षण किंवा नोकरी सुटली आणि माणूस खाली घसरत गेला.

३) लंडन, १९७८ : ब्राऊन आणि हॅरिस यांनी स्त्रियांमधील नैराश्याचा अभ्यास मांडला. कामगार वर्गातील स्त्रियांत ते जास्त आढळले. मोठं संकट कोसळलं, घरात तीन-चार लहान मुलं, बाहेर नोकरी नाही आणि मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, अशा स्त्रियांना धोका अधिक. इथे परिस्थिती आधी, आजार नंतर.

यातून काय शिकायचं? नुसत्या आकड्यावरून कारण कळत नाही. भारतातही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत प्रमाण जास्त आढळले. म्हणून 'त्या वस्तीतली माणसं तशीच' असा शिक्का मारायचा का? मुळीच नाही. आजार कोणता आणि आधी काय घडलं, हे दोन प्रश्न विचारायचे.

वर्गातलं एखादं मूल वारंवार गैरहजर राहतं, डबा आणत नाही. 'पालकांना काळजीच नाही' असं म्हणण्याआधी घरी कोणी आजारी आहे का, हे आपुलकीने विचारा. गरज वाटली तर टेलि-मानस या मोफत सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांना द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.

स्वाध्याय : शिकागोचा एकच अभ्यास वाचला असता, तर आपण कोणता चुकीचा निष्कर्ष काढला असता? चार-पाच वाक्यांत लिहा.