खोकला कुठे थांबतो, ते बघा

ठाण्याच्या आमच्या बेडरूमची एक भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची. जुलैत पोपडे, ऑगस्टमध्ये काळे ठिपके आणि दिवाळीआधी खरवडून पुट्टी-रंग. पलीकडे बाथरूम आहे हे ठाऊक होतं. पण फरशा फोडण्याचा व्याप कोण करणार?

एका पावसाळ्यात मला कोरडा खोकला लागला. संध्याकाळी कणकण, जिना चढताना धाप. काढे झाले, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गणपतीला गावी, फलटणला गेलो आणि चौथ्या दिवशी खोकला थांबला. ठाण्यात परतलो, दोन रात्रींत पुन्हा सुरू. "गावची हवा मानवते तुम्हाला," असं सगळे म्हणाले, मीही मान डोलावली.

छातीच्या डॉक्टरांनी आधी घराचीच चौकशी केली. कबुतरं येतात? कूलर आहे? भिंतीला ओल आहे? सीटी स्कॅन आणि इतर तपासण्यांनंतर निदान झालं : हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासातून खोल फुप्फुसात जातात आणि शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे दाह निर्माण करते. हा जंतुसंसर्ग नव्हेच, मग अँटिबायोटिक काय करणार? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणी-अभ्यासात फुप्फुसांच्या इंटरस्टिशियल आजाराच्या 1,084 रुग्णांपैकी 47 टक्क्यांहून अधिक जणांना हाच आजार होता. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता.

घरी येऊन त्या ओल्या भिंतीलगतचं कपाट पुढे ओढलं. मागच्या प्लायवर हिरवट-काळी लव, हात लावताच धूळ उडाली. मी रोज तिथून दोन हातांवर झोपत होतो.

म्हणून सांगतो. बुरशीवर रंग मारू नका; मेलेल्या बुरशीचे कणही त्रास देतात. आधी गळती बंद करा, मग ओला गिलावा आणि कुजलेलं प्लाय काढून टाका. ते काम आजारी माणसाने करू नये, करणाऱ्याने चांगला मास्क लावावा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. भिजलेली गादी एक-दोन दिवसांत वाळली नाही, तर टाकून द्या. कूलर असेल तर टाकी आणि घास वेळच्या वेळी स्वच्छ करा. आणि गावी गेल्यावर खोकला थांबत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषधांनी मला आराम पडला, तो घरातली ओल गेल्यावरच. पण फुप्फुसावर पडलेले व्रण आता जाणार नाहीत. भिंत मात्र आठ दिवसांत दुरुस्त झाली.