औषध करमुक्त, दक्षता मात्र स्वतःची

डोके दुखू लागले किंवा गुडघ्यास सूज आली की मनुष्य प्रथम औषधाच्या दुकानाची वाट धरतो. अमेरिकेत या लहानशा खरेदीचा संबंध थेट प्राप्तिकराच्या कायद्याशी येतो. तेथे वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ही व्यवस्था समजून घेणे हिताचे आहे.

दोन प्रकारची खाती

आरोग्यखर्चासाठी तेथे मुख्यतः दोन खाती प्रचलित आहेत. 'फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट' हे नोकरी देणाऱ्या संस्थेमार्फत चालते. कर्मचाऱ्याच्या वेतनातील काही रक्कम करआकारणीपूर्वीच त्यात वळती केली जाते. परंतु काही मर्यादित सवलती वगळता, मुदतीत न वापरलेली रक्कम हातची जाते. दुसरे 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट' २००३ च्या कायद्यान्वये २००४ पासून अस्तित्वात आले. हे खातेदाराच्या मालकीचे असून त्यातील शिल्लक वर्षानुवर्षे कायम राहते. मात्र त्यात पैसे भरण्यासाठी विशिष्ट प्रकारचा आरोग्य विमा असावा लागतो. २०२६ या वर्षासाठी भरण्याची सर्वसाधारण मर्यादा एका व्यक्तीस ४,४०० डॉलर, तर कुटुंबास ८,७५० डॉलर अशी आहे.

नियमांतील बदल

डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांचा खर्च या करमुक्त निधीतून करण्यास २००३ मध्ये मान्यता मिळाली. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने १ जानेवारी २०११ पासून त्यासाठी चिठ्ठीची अट घातली. साध्या डोकेदुखीच्या गोळ्यांसाठीही डॉक्टरांकडे जाणे भाग पडू लागले. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही अट काढून टाकली. परिणामी आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, ॲसिटामिनोफेन यांच्या गोळ्या तसेच वेदनाशामक मलमे या निधीतून थेट घेता येतात. केवळ प्रकृती उत्तम राहावी म्हणून घेतलेली जीवनसत्त्वे मात्र यात बसत नाहीत.

ही सवलत खातेदार, त्याची पत्नी अथवा पती आणि कायद्याने अवलंबित ठरणाऱ्या व्यक्तींपुरती आहे. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील सामान्यतः या व्याख्येत येत नाहीत. बचत खात्यातील पैसा पासष्ट वर्षांच्या आत अन्य कामी वापरल्यास त्यावर प्राप्तिकर व शिवाय २० टक्के जादा कर बसतो. म्हणून प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी.

आरोग्याची दक्षता

चिठ्ठीची अट गेल्याने सोय झाली, तशी जबाबदारीही वाढली. खर्च कायद्यात बसतो की नाही, एवढेच खाते पाहते. औषध रुग्णास मानवेल की नाही, हे पाहत नाही. अमेरिकेत ज्यास ॲसिटामिनोफेन म्हणतात, तेच भारतातील पॅरासिटामॉल होय. घरून आणलेली क्रोसिन आणि तेथे घेतलेली टायलेनॉल ही एकाच औषधाची दोन नावे आहेत. सर्दीवरील अनेक मिश्र औषधांतही ते असते. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत सर्व मिळून ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अतिसेवनाने यकृतास गंभीर इजा होते. आयबुप्रोफेनमुळे जठरात रक्तस्राव होण्याचा व मूत्रपिंडास अपाय होण्याचा धोका संभवतो. वृद्धांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

मुदत संपत आली म्हणून खात्यातील पैशांतून गोळ्यांचा साठा करण्यापेक्षा वेष्टनावरील घटकांची नावे वाचणे अधिक लाभाचे आहे. दुखणे हटत नसल्यास डॉक्टरांकडे जावे; तो खर्चही याच निधीतून करता येतो.